वाघबारशीचं प्रशिक्षण

ते प्रकरण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि त्यातली मी आठवले की हसूही येतं. नुकतीच पोलीस निरीक्षक झाले होते. गणवेशाला अशी कडक खळ, की खुर्चीत बसताना आवाज व्हायचा. गॉगल ठाण्याच्या आतही काढत नसे. आरोपीला जरब बसावी म्हणून. आरोपीला काही बसत नसे, मी मात्र टेबलाला धडकत असे.

नावं कोणाचीच सांगत नाही. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याच्या पुढे एका इमारतीचं काम चालू होतं. बाहेरून प्लास्टर करणारा एक मजूर परांचीवरून खाली पडला. खाली वाळूचा ढीग होता म्हणून जीव वाचला, पण कंबर मोडली. सिव्हिलमधून खबर आली आणि मी जबाब घ्यायला गेले. तो गुंगीत होता. बायको उशाशी बसलेली. दोघं सुरगाण्याकडची; तीही त्याच साइटवर घमेली उचलायची.

"बाई, ठेकेदार म्हणतो याचीच चूक हाय," ती म्हणाली. "म्हणतो सेफ्टीचा पट्टा दिला होता, यानं लावला नाय. तसं लिवू नका. तसं लिवलं तर आमाला कोण एक पैसा देईल?"

ती बरोबर बोलत होती. चूक मजुराची ठरली असती, तर भरपाईचा दावा तिथेच लंगडा पडला असता आणि ठेकेदार मोकळा झाला असता. मी गॉगलमधून तिला उत्तर दिलं, "तपासात निघेल ते लिहू." काय पण धीर दिला! भिंतीनं याहून बरा दिला असता.

तिथून मी साइटवर गेले. ठेकेदाराच्या केबिनमध्ये सोनेरी चौकटीत सुरक्षा प्रमाणपत्र लटकत होतं. उंचावर काम कसं करायचं याचं प्रशिक्षण साइटवरच्या प्रत्येक मजुराला दिलंय आणि पट्टे वाटलेत, असं एका खासगी संस्थेनं त्यात लिहून दिलं होतं. त्याशिवाय मोठे बिल्डर कामच देत नसत. शेजारी फोटो: हेल्मेट घातलेली, पट्टे बांधलेली माणसं ओळीत उभी.

"आपण सर्टिफाइड आहोत, मॅडम," ठेकेदार म्हणाला. "वसुबारशीचा मुहूर्त धरून, नारळ फोडून ट्रेनिंग घेतलं. एकूण एक माणूस हजर होता."

मी भारावले. चौकट बघून मला वाटलं, असा व्यवस्थित माणूस खोटं कशाला बोलेल? वर त्याचा चहा प्याले, बिस्किटंही खाल्ली.

बाहेर आल्यावर माझे हवालदार हळूच म्हणाले, "मॅडम, समोरची चहावाली सांगतेय, पट्टे गोदामातच पडून असतात. कोणी साहेब यायचा असला की निघतात, साहेब गेला की परत आत."

"चहावालीच्या गप्पांवर तपास चालत नाही, हवालदार."

"बरं," ते म्हणाले. ठाण्यातल्या जुन्या माणसांच्या 'बरं'ला पुष्कळ अर्थ असतात. हा 'तुम्हीच बघा' या अर्थाचा होता.

संध्याकाळी डायरी लिहिताना 'वसुबारस' हा शब्द लिहिला आणि पेन थांबलं. माझी पहिली नेमणूक सुरगाण्याशेजारच्या पेठला होती. आपण शहरात ज्या दिवशी गाय-वासराची पूजा करतो, त्याच दिवशी तिकडे डोंगरात वाघबारस असते. वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, गावातला एक जण वाघ होतो आणि बाकीचे आरडाओरडा करत त्याला गावाबाहेर पिटाळतात. मला कोणी सांगितलं नव्हतं. पिवळे-काळे पट्टे ओढलेला माणूस झाडामागून गुरगुरत आला आणि कायद्याची ही रक्षणकर्ती किंचाळत जीपमध्ये शिरली. आतून कडीही लावली. तिथली माणसं पुढे वर्षभर मला पाहून तोंडावर हात ठेवायची.

पण एक गोष्ट पक्की समजली होती. या सणाला पेठ-सुरगाण्याचा माणूस नाशिकला थांबत नाही. एसटी गच्च भरून जातात, साइट ओस पडतात. मग प्रशिक्षण घेतलं कोणी?

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला ठाण्यात बोलावलं. खोटं बोलणाऱ्याला मध्येच अडवायचं नसतं, त्याला ऐसपैस बोलू द्यायचं असतं.

"हा पडलेला मजूर प्रशिक्षणाला होता?"

"पहिल्या रांगेत, मॅडम! मी स्वतः त्याला पट्टा बांधला."

"वसुबारशीलाच?"

"आता देवाच्या दिवशी खोटं बोलू का?"

जबाबावर त्याची सही घेतली आणि त्याच्यासमोरच मजुराच्या गावच्या पोलीस पाटलांना फोन लावला. स्पीकर चालू ठेवला. विचारलं, वाघबारशीला हा कुठे होता?

"तो? अवो बाई, औंदा वाघ तोच झाला हुता! आख्ख्या गावानं पळवला त्याला. नदीपल्याड गेला तवा सोडला!"

हवालदारांना हसू आवरेना. ठेकेदार टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसला.

प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या प्रशिक्षकालाही बोलावलं होतं, तो बाहेर बाकावर होता. त्याला आत घेतलं, केबिनमधून आणलेला फोटो पुढे ठेवला. "ही माणसं कोण?"

त्यानं ठेकेदाराचा चेहरा पाहिला आणि बांध फुटला. "मॅडम, साइटवर चिटपाखरू नव्हतं. फोटो तर पाहिजेच होता. शेजारच्या मंगल कार्यालयात गणवेशातले वाढपी आले होते, त्यांनाच हेल्मेट घातली."

"तरीच!" हवालदार म्हणाले. "प्लास्टरवाले आणि सगळ्यांच्या पायात पॉलिश केलेले काळे बूट!"

गोदामाचा पंचनामा केला. पट्टे सापडले, घडी घालून परत प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलेले. पोलीस पाटलांचा आणि इतर मजुरांचा जबाब नोंदवला, दोघांवर गुन्हा दाखल केला. परांचीवर माणूस पट्ट्याशिवाय चढणार नाही, याची खात्री होईपर्यंत काम बंद राहिलं. माझ्या शब्दावर राहिलं, हे आजही छाती पुढे काढून सांगते. कोणी म्हातारीचा गर्व म्हणालं तरी चालेल.

त्या प्रकरणानं मला हे शिकवलं की शिक्का खरा असतो, सही खरी असते, तरी मजकूर साफ खोटा असू शकतो. तो पकडायचा तर ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याचं गाव, त्याचे सण ठाऊक पाहिजेत. पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येक फौजदाराला मी हेच ऐकवलं. ते 'बरं' म्हणायचे.

दोषारोपपत्र तयार झालं तेव्हा तो मजूर आणि त्याची बायको ठाण्यात आले. तो कुबड्यांवर होता. बायकोनं विचारलं, "काय लिवलंय?"

मी वाचलं, "सदर मजुरास पट्टा देण्यात आलेला नव्हता, प्रशिक्षणही झालेले नव्हते. अपघातास तो जबाबदार नाही."

"परत वाचा."

परत वाचलं. तिनं नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला जरा पुढे केलं. "आता याला सांगा. हा रोज म्हणतो, माझाच पाय चुकला."

मी उठले, त्याच्यासमोर गेले आणि तिसऱ्यांदा वाचलं. या वेळी गॉगल काढून. खळ मात्र तेवढीच कडक होती.