यंत्र आणतं तिथपर्यंत

रशीदभाई म्हणजे घोडेगावच्या बाजारातले म्हशींचे दलाल. आणि दलाल तरी कसे, तर रुमालाखाली गिऱ्हाइकाचं बोट नुसतं हललं तरी आकडा ओळखणारे. तीस वर्षं त्यांनी तोंडानं भाव म्हणून सांगितला नाही. मग शुगरनं बोटांची जाणीवच नेली. एका बाजारी रुमालाखाली चार बोटांची तीन समजली, सौदा फिसकटला आणि दोन्हीकडची माणसं हसली. हिणवून हसली असती तर परवडलं असतं, अहो, कीव करून हसली! रशीदभाईंनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि पुन्हा बाजाराचं तोंड पाहिलं नाही.

तेव्हापासून दीड वर्ष ते केडगावात लेकीच्या घरी पलंगावर बसून होते. बायको सरवरी म्हणायची, "म्हशी इकता इकता सोताच दावणीला बसले." त्यावरही ते चिडत नसत. सरवरीला खरी भीती त्याचीच वाटायची.

लेक तमन्ना कॉलेजात भूगोल शिकवते. तिला एक भलताच नाद. जगभर लोक कुठंकुठं छोटे डबे लपवतात, जागेचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकतात आणि दुसऱ्यांनी ते हुडकायचे. सापडला की आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तिथं ठेवून द्यायचा. बास, एवढंच! डोंगरात मोबाईल उन्हानं दिसत नाही आणि दुपारीच मान टाकतो, म्हणून तिला हातात धरायचं जीपीएस यंत्र घ्यायचं होतं.

"निवडायचं तुम्ही, अब्बा. चालवायचंही तुम्हीच," ती म्हणाली.

"हात चालला तर येतो. न्हाई चालला तर मला परत बोलवू नको," रशीदभाई म्हणाले.

नगरात मोजणीचं सामान विकणाऱ्या दुकानदारानं दोन यंत्रं पुढं ठेवली. एक गुळगुळीत काचेचं, बोट फिरवलं की नकाशा सरकणारं. "सगळे हेच नेतात, चाचा." रशीदभाईंनी बोट फिरवलं. नकाशा कधी भलतीकडं पळे, कधी ढिम्म हलेना. बोट काचेवर टेकलंय की हवेत आहे, हेच त्यांना कळत नव्हतं. दुसरं यंत्र जाडजूड, बटणांचं. बटण दाबलं की टक् वाजायचं, आणि कान तर शाबूत होते.

"चालवून बघू द्या," रशीदभाई म्हणाले.

"चालूच आहे की."

"तसं न्हाई. दावणीला बांधलेलं जनावर समदंच गुनी दिसतं."

दुकानाच्या पायरीची खूण दोन्ही यंत्रांत घालून घेतली आणि दोन हातांत दोन यंत्रं धरून म्हातारा चौकापर्यंत जाऊन आला. रिक्षावाले बघत राहिले. काचेच्या यंत्रानं पायरीच्या दोन पावलांवर आणलं, बटणाच्यानं चार.

"म्हणजे काचेचं सरस," दुकानदार म्हणाला.

"असंल. पन ते माझं ऐकत न्हाई."

झालं, बटणांचं घेतलं.

रविवारी बापलेक पारनेरकडच्या एका डोंगरावर चढले. रशीदभाई पुढं, तमन्ना मागं. बटणं दाबायची, बाण बघायचा, "डावीकडं घे" म्हणायचं. दीड वर्षात ते असे कुणाच्या पुढं चालले नव्हते. तमन्नाला इतका आनंद झाला होता की ती उगीचच बडबडत होती.

खडकांच्या एका ढिगापाशी यंत्रानं डबा चार मीटरवर दाखवला. "आता यंत्राचं काम संपलं," तमन्ना सवयीनं बोलून गेली. "आता फटींत हात घालून चाचपायचं." बोलली आणि तिची नजर त्यांच्या बोटांवर गेली. यंत्र घेताना हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

रशीदभाईंनी बाही सारली. एका फटीत कोपरापर्यंत हात घातला, आत इकडंतिकडं फिरवला. "हितं काय न्हाई." हात बाहेर आला तेव्हा बोट खरचटून रक्त आलं होतं, तेही तमन्नानंच दाखवलं.

मग तिनं त्याच फटीत हात घातला. क्षणभर थांबली. हात रिकामाच बाहेर काढून म्हणाली, "खरंच नाही. पलीकडं बघू."

तीस वर्षं माणसांची तोंडं वाचून पोट भरलेला माणूस तो. त्याला काय फसवायचं? "काढ भाईर," रशीदभाई म्हणाले.

तिनं डबा काढला. वितीएवढा होता. आतला कागद उलगडून तिनं पेन्सिल त्यांच्यापुढं धरली. "तुम्ही आणलंत इथवर. लिहा, अब्बा."

"घावला तुला. माझं नाव लिवलं तर खोटं हुईल." तिनं एकटीचं नाव लिहिलं.

रशीदभाई खडकाला टेकून उभे राहिले. आता छातीत कालवेल, डोळे भरतील, म्हणून त्यांनी वाट पाहिली. बराच वेळ पाहिली.

"तमन्ना," ते म्हणाले, "बोटांचं सोड. मला आता वाईटबी वाटंना झालंय."

तमन्नानं डबा होता तिथं सरकवला, त्यांचं रक्ताचं बोट ओढणीनं बांधलं आणि दोघं उतरायला लागले.