पेटीवाचूनची अष्टमी

खरं सांगते, त्या सप्तमीला मी देवीवर रागावले होते. घरात घट बसलेला, अंगावर नवरात्राचा उपवास आणि तोंडात देवीलाच बोल लावणं, हे काही शोभत नाही हे मलाही कळत होतं. पण राग खरा होता. आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले गुरुजी सकाळीच माझ्या गिरणीवर आले आणि ओट्यावर न टेकता, उभ्या उभ्याच म्हणाले की उद्या त्यांना जमणार नाही. गंगाखेडच्या एका पुरुष मंडळाचा पेटीवाला आजारी पडला होता, आणि गुरुजींना न्यायला त्यांनी जीप पाठवली होती. मग आमच्या अष्टमीचं काय, असं मी विचारलं. तर म्हणाले, "तिकडं लय मोठा कार्यक्रम हाय, ताई. तुमचं काय, घरचंच हाय. उलीसं सांभाळून घ्या." जीप गेली आणि मी चालू गिरणी बंद करून बसले. पिठाने माखलेले हात तसेच मांडीवर होते.

घरचंच! हा शब्द मला दिवसभर कुसळासारखा टोचत राहिला. पालमला माझी पिठाची गिरणी आहे. वीज गेली की दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका ओट्यावर अडकून पडतात. नुसत्या बसून गावाच्या उखाळ्यापाखाळ्या करण्यापेक्षा देवीची पदं म्हणू, असं एकदा सहज सुरू झालं, आणि वीज मंडळाच्या कृपेने आमचं भजनी मंडळ उभं राहिलं. बारसं, हळदीकुंकू, कुणाच्या घरची सत्यनारायणाची पूजा, सगळीकडे आम्हाला बोलावणं येई. पण वेशीजवळच्या देवीच्या देवळात अष्टमीची भजनसेवा करायची ती पुरुषांनीच, अशी रीत. यंदा मी देवस्थानच्या आबांच्या इतकी मागे लागले, की शेवटी त्यांनी कंटाळून हो म्हटलं. वर हेही सांगितलं, "जमलं तर दरसाल तुमचं. न्हाई जमलं तर पुन्ना नाव काढायचं न्हाई." आणि आता सेवा तोंडावर आलेली असताना पेटीच गेली होती.

पेटी गेली म्हणजे काय गेलं, ते त्या दुपारी तालमीला बसल्यावर कळलं. गुरुजी एक सूर दाबायचे, "धरा" म्हणायचे आणि आम्ही धरायचो. कुठला सूर, तोच का, हे विचारायचं असतं एवढंही आम्हाला ठाऊक नव्हतं. तो नाही म्हटल्यावर सगळ्यांचा नुसता गोंधळ. पंगतीत एकीने पोळीला हात घालावा आणि दुसरी ताकाला लागलेली असावी, तशी गत. कमलवहिनींच्या पोरीने मोबाईलवर पेटीचा सूर लावून दिला. पण पद जरा रंगात येतंय तोच केसांच्या तेलाची जाहिरात लागली. बायका हसल्या आणि हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. कमलवहिनी म्हणजे आमचा मुख्य गळा. तरी अंतऱ्याला वर चढताना त्यांचा आवाज दर वेळी चिरकायचा. आमच्यातल्या निम्म्याजणी तिथे ओरडायच्या आणि निम्म्या पुटपुटायच्या. "माझा गळाच फाटका, ताई. आबांना सांगून टाका न्हाई म्हणून," असं म्हणून कमलवहिनी उठल्या. बायकांचे आवाज असेच असायचे, असंच आम्ही सगळ्याजणी धरून चाललो होतो.

दिवेलागणीला मी देवळात गेले. आजवर देवीशी माझा व्यवहारच चालत आला होता. हे होऊ दे, खण-नारळ वाहीन. ते होऊ दे, साडी नेसवीन. त्या दिवशी मात्र कबूल करायला काही सुचेना. मी गाभाऱ्यासमोर उभी राहिले. रागाने काय काय बोलायचं ते सगळं घोकून आले होते, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "माय, माझ्यानं न्हाई होत. तुला ऐकायचं आसल तर तूच बघ." एवढं बोलून मी घरी आले आणि आश्चर्य म्हणजे डोकं टेकताच मला झोप लागली. आबांना नकार कळवायचं राहूनच गेलं.

अष्टमीला सकाळची आरती झाली तेव्हा सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. आबा अगदी समोर, हाताची घडी घालून बसलेले. आम्ही सगळ्या, कमलवहिनीसुद्धा, हिरव्या साड्या नेसून, हातात टाळ घेऊन, माना खाली घालून आत गेलो. पेटीसाठी अंथरलेल्या सतरंजीवर एक म्हातारी आराधीण बसली होती. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू, शेजारी परडी आणि मांडीवर तुणतुणं. राणीसावरगावला देवीला निघाली होती, एसटी चुकली, पुढची येईपर्यंत टेकायला म्हणून आत आली होती. मावशी, उठा, ही आमची जागा आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. माझी जीभ तशी थांबणारी नाही, गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून तीही गिरणीसारखीच झाली आहे. पण का कुणास ठाऊक, मी तिच्याच शेजारी बसले.

आमची ढोलकी सांभाळणाऱ्या मंगलने ती पुढे ओढली आणि माझ्याकडे पाहिलं. सगळ्याच माझ्याकडे पाहत होत्या. समोर शांतता. मागे कुणीतरी खोकलं. आणि त्या शांततेत म्हातारीने, आमच्याकडे न बघताच, आपलं तुणतुणं छेडलं. आमच्यासाठी नव्हे, तिची आपली सवय असावी. बसल्या बसल्या तार जुळवून ती एकाच लयीत वाजवू लागली. कमलवहिनींनी डोळे मिटले आणि त्या तारेवरच पद उचललं.

गुरुजींच्या सुरापेक्षा ते बरंच खालून निघालं होतं. म्हटलं, संपलं आता. पण बाकीच्याजणी मागून येत गेल्या, एकीचा आवाज दुसरीला चिकटत गेला. अंतरा आला. दर वेळी आम्ही तिथे डोळे गच्च मिटून घ्यायचो. त्या दिवशी कमलवहिनी वर गेल्या त्या गेल्याच, कुठे चिरकणं नाही, ओढाताण नाही, आणि आम्ही सगळ्या त्यांच्यामागे. पुटपुटणाऱ्यासुद्धा! आमचा इतका मोठा, इतका एकसंध आवाज मी कधी ऐकला नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमचे गळे फाटके नव्हते. गुरुजी बिचारे स्वतःच्या पुरुषी गळ्याला सोसेल तो सूर धरायचे, आम्हाला तोच वरच्या सप्तकात घ्यावा लागायचा आणि आम्ही इतकी वर्षं मुकाट्याने त्याच्यामागे धावत होतो. त्या म्हातारीने तार लावली होती ती बाईच्या गळ्याची. मी गाता गाता रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. माझ्या बायकांचा मला इतका अभिमान वाटला, की पोरांच्या लग्नातही तेवढा वाटला नसेल.

सेवा संपली तेव्हा आबांची हाताची घडी सुटलेली होती. ते उठून आमच्यापाशी आले आणि म्हणाले, "पुढच्या साली दुसऱ्या कुणाला हो म्हणू नका. अष्टमी तुमची." भगर-आमटीच्या पंगतीला आराधीण आमच्यातच बसली. तिने आमटी दोनदा मागून घेतली, "ढोलकी लय पळायली तुमची" असं मंगलला सुनावलं आणि एसटी आली तशी परडी उचलून चालती झाली. गावात पुढे पुष्कळ बोललं गेलं, देवीच आली होती म्हणून. मी त्यावर काही म्हणत नाही. देवी असती तर तिने ढोलकीला नावं ठेवली नसती, असं मंगलचं ठाम मत आहे. मला एवढंच ठाऊक आहे, की मी हात टेकले आणि त्या रिकाम्या जागी कुणीतरी येऊन बसलं. एसटी चुकणं ही कृपा असू शकते हे मी आधी मानलं नसतं.

दसरा झाल्यावर आम्ही तालमीला जमलो होतो, तेव्हा गुरुजी पेटी घेऊन गिरणीच्या ओट्यावर आले. गावभर झालेली चर्चा त्यांच्या कानावर गेलीच असणार. मी दोन खोचक वाक्यं तयार ठेवली होती. पण गुरुजी खाली बसले, भाता सोडला, पट्ट्यांवर बोटं ठेवली, पण दाबली नाहीत. मग कमलवहिनींकडे वळून हळूच म्हणाले, "ताई, कुठून धरू?"

माझी दोन्ही वाक्यं विरून गेली. कमलवहिनींनी सूर लावला, गुरुजींनी तो पेटीवर शोधला आणि आम्ही गायला लागलो. शरण जाणं म्हणजे काय, हे मी प्रवचनांतून कितीदा ऐकलं होतं. ते समजलं मात्र त्या ओट्यावर, रुसून न बसता विचारत परत आलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाकडून. आताशा मी देवीला खण-नारळाचा हिशेब सांगत नाही. रोज सकाळी गिरणी सुरू करण्याआधी हात जोडते आणि एवढंच विचारते, माय, आज कुठून धरू?