कंडक्टर शेवटी चढतो

विश्वंभररावांनी वसमत डेपोतली सगळी नोकरी उभ्याने केली. कंडक्टरला सीट असते, पण तिच्यावर त्यांची पेटी बसायची, कधी एखादी लेकुरवाळी, बाजाराच्या दिवशी टोपलीतल्या कोंबड्यासुद्धा. ते स्वतः दोन बाकांमधल्या वाटेत दांड्याला खांदा टेकवून असे उभे राहत, की गाडी वळली तरी तळहातावरची चिल्लर हलत नसे. रिटायर झाल्यावर घरात खुर्च्यांची कमतरता नव्हती. तरीही ते टीव्ही दाराच्या चौकटीत उभे राहून पाहत आणि बातम्या संपल्या की, जणू पुढचा स्टॉप आला, असे बाहेर जात.

शालूबाईंचं माहेर कळमनुरीकडचं. लग्नापासून त्या माहेरी नवऱ्याच्याच गाडीने गेल्या, पण नवऱ्यासोबत एकदाही गेल्या नाहीत. त्या ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसत. नवरा "चला, तिकीट, पुढं सरका" करत यायचा आणि त्यांच्यापाशी आला की त्याच आवाजात विचारायचा, "कुठं?" कुठं ते त्याला चांगलं माहीत असे. शालूबाई निमूट पास दाखवत. एकदा शेजारच्या बाईने विचारलं, "तुमचे मालक काय करतात?"

"उभे राहतात," शालूबाई म्हणाल्या.

वसमतच्या कुलदीपने टूरचा नवा धंदा काढला, तेव्हा त्याच्या पहिल्याच सहलीत शालूबाईंनी दोघांची नावं घातली. नांदेडहून विशाखापट्टणम आणि तिथून काचेच्या डब्याच्या रेल्वेने डोंगर चढत अरकूपर्यंत. नवऱ्याला त्यांनी एकच अट सांगितली.

"डोंगर लागले की संपेपर्यंत माझ्या शेजारी बसायचं. कुणाला जागा द्यायची न्हाई, कुणाचं सामान उचलायचं न्हाई. एक प्रवास. न्हाई बसले, तर तुमच्यासंग हा शेवटचा. पुढच्या वक्ताला मी बचत गटाच्या बायांसंग जाईन. तुमी राहा घरी दारात उभे."

"व्हय," विश्वंभरराव म्हणाले. बसणं हे काम त्यांना तोवर सोपं वाटत होतं.

डबा खरोखर बघण्यासारखा होता. छताला काच, भिंतीला काच आणि खुर्च्या गोल फिरणाऱ्या. प्रवाशाने दरीकडे तोंड करावं म्हणून रेल्वेने ही सोय केली होती. विश्वंभररावांनी ती दाराकडे तोंड करायला वापरली.

पहिला बोगदा आला, अंधार झाला, टूरमधली मोठी माणसं लेकरांसारखी ओरडली. उजेड आला तेव्हा शालूबाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. विश्वंभरराव पलीकडे वाटेत पडलेली एक पिशवी कडेला सारत होते. "रस्ता मोकळा ठेवा," असं ते पिशवीलाच समजावत होते.

ते परत आले, बसले, उठले. शालूबाईंनी बाही धरली.

"काहून उठून राहिले?"

"उठलो न्हाई. पाय मोकळे करून राहिलो."

"बांधले होते काय कुणी?"

खाली दरी होती, दरीत पांढरी रेघ मारल्यासारखा ओढा होता, समोरचा डोंगर ढगात अर्धा बुडाला होता. शालूबाई म्हणत, "पाहा, पाहा," आणि ते पाहतही. पण डोंगर काही चढत नव्हता की उतरत नव्हता, त्यामुळे त्यांचं तिकडे लक्ष टिकत नव्हतं. इतका वेळ झाला तरी कुणी तिकीट विचारायला आलं नाही, याचीही त्यांना मोठी तकलीफ होती. दर बोगद्यात ते उठत. दर उजेडात शालूबाईंचा चेहरा आणखी थोडा खिडकीकडे वळलेला असे.

मग डोंगरातल्या एका लहान स्टेशनावर गाडी थांबली. फलाटावर पेरू होते, भाजलेली कणसं होती. अर्धी टूर खाली उतरली आणि विश्वंभररावांच्या आयुष्याला पुन्हा अर्थ आला. ते कुलदीपच्या आधी खाली. कुणाला दाराशी हात दिला, कुणाला "लांब जाऊ नका" म्हणाले, कणीसवालीला मराठीतच घाई केली. इंजिनाने शिटी दिली तसे एकेकाला आत घालू लागले. सगळे चढले, तेव्हा काचेतून कुलदीपला हात करून सांगितलं, सगळे आले. कुलदीप निश्चिंत होऊन बसला. कंडक्टरच्या 'सगळे' या शब्दात कंडक्टर धरलेला नसतो, हे त्या पोराला कुठून माहीत असणार?

शालूबाई मात्र दारात आल्या आणि गुडघ्यावर हात टेकत खाली उतरल्या.

"चला, बसा आता."

"तू चढ. मी येतो मागून."

"मागून आले की दारातच राहता तुमी. आधी तुमी चढा."

"अगं, बाईमाणूस फलाटावर ठेवून कसा चढू मी? मी शेवटी चढत असतो."

"आज मी शेवटी."

"शाले, चढ म्हणलं ना!"

"न्हाई."

नवरा-बायको दाराच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना आत जायला सांगत होते. विश्वंभररावांना घाई नव्हती. त्यांनी घंटी दिल्याशिवाय निघालेली गाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ती त्यांनी त्या दिवशी पाहिली. दार आपोआप सरकून बंद झालं आणि डबा आवाज न करता पुढे जाऊ लागला.

विश्वंभररावांनी धावत जाऊन डब्यावर जोरात एक थाप मारली. आपल्याकडे दोन म्हणजे चल, एक म्हणजे थांब. गाडीला हे ठाऊक नव्हतं. आत कुलदीप काचेला नाक लावून काहीतरी ओरडत गेला.

शालूबाई रागावल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं. त्या बाकावर जाऊन बसल्या. बाकावर आणखी जागा होती, पण विश्वंभरराव बाजूला उभेच राहिले.

"मी म्हणलं होतं, तू चढ."

"मीबी म्हणलं होतं, तुमी चढा."

"कंडक्टर आधी चढत नसतो गं."

"कंडक्टर कोन हाय इथं?"

तेवढ्यात कुलदीपचा फोन आला, त्याचा विश्वंभररावांना आधार वाटला.

"काका, तुमी तर म्हणले सगळे आले!"

"आले होतेच की."

"अन् तुमी?"

कुलदीपने सांगितलं ते असं, की जीपने वर पक्क्या रस्त्याला या, तिथून अरकूची बस मिळेल. दोघं जीपने गेले. मग तिकडची सरकारी बस आली. घाटाचा रस्ता, आत गर्दी, पण दोघांपुरता एक बाक रिकामा.

विश्वंभरराव सवयीने वाटेतच थांबले. शालूबाईंनी बाकाकडे बोट दाखवलं.

"शिरा आत. खिडकीला."

"अगं, खिडकीला तू बस. डोंगर पाहायचे तुला."

"शिरा."

ते शिरले. त्या बाहेरच्या बाजूला बसल्या आणि दुखरे गुडघे पुढच्या बाकाला टेकवून वाट बंद केली.

"हा प्रवास धरायचा का?" विश्वंभररावांनी हळूच विचारलं. "ही रेल्वे न्हाई, पण डोंगर तेच हायेत."

"उतरल्यावर सांगते."

बस वळणं घेत चढू लागली. विश्वंभररावांचा डावा पाय आपोआप हलत होता. एका थांब्यावर बायका चढल्या आणि दारातच अडल्या, तसे ते बसल्या जागेवरून ओरडले, "पुढं सरका, पुढं मोकळं हाय!" नवल म्हणजे त्या सरकल्या. तिथल्या कंडक्टरने वळून पाहिलं. शालूबाईंनी नुसतं "हं" केलं.

पुढच्या थांब्यावर एक म्हातारा भलंमोठं पोतं घेऊन आला. पोतं दारात आडवं बसलं. म्हातारा खालून रेटतो, ते हलत नाही. आतली माणसं बघत राहतात, कंडक्टर तिकडे मागे अडकलेला. पोत्याचा एक कोपरा फक्त वर उचलायला हवा होता. विश्वंभररावांचं बूड बाकावरून सुटलं होतं.

शालूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग गुडघे दोन्ही हातांनी धरून एका बाजूला घेतले आणि वाट करून दिली.

"जा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

विश्वंभररावांनी मोकळ्या वाटेकडे पाहिलं. मग पुढच्या बाकाची दांडी दोन्ही मुठींनी घट्ट धरली आणि परत टेकले. तोंड खिडकीकडे केलं. बाहेर दरी होती. तिच्यातलं त्यांना किती दिसलं, सांगता येत नाही. दाराकडून म्हाताऱ्याचं कण्हणं, कुणाचं तरी तेलुगूतलं हसणं, पोतं घासत असल्याचा आवाज येत होता. दर आवाजासरशी त्यांच्या मुठी आणखी आवळत होत्या.

शालूबाईंनी गुडघे पुन्हा पुढे घेतले नाहीत. वाट तशीच उघडी ठेवून त्या बसून राहिल्या.

थोड्या वेळाने पोतं त्यांच्याशिवाय आत आलं आणि बस निघाली.