जुनी आगबोट आणि रिकामे खोके

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं बायको म्हणते. खोटं नाही. पुण्याहून आयर्लंडला आलो, डंडॉकला नोकरी केली, मग मेनूथ, आता सँडीफोर्ड. घर लागतंय न लागतंय तोच मला कंटाळा येतो. त्यातून एक खोड: टीव्ही, मिक्सर, मायक्रोवेव्ह, सगळ्यांचे खोके मी थर्मोकोलसकट जपून ठेवतो. पुढच्या बांधाबांधीला लागतात ना. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. आमच्या प्रेसमध्ये कपडे कमी आणि खोकेच जास्त.

गेल्या हिवाळ्यात टोरांटोहून नोकरीचं बोलावणं आलं. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. "तुला जायचंच असेल तर तू जा, आम्ही येत नाही," बायको म्हणाली आणि भाजी फोडणीला टाकली. मुलगी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ऑफिसला जाताना लुआस ट्राममध्ये बसायला जागा मिळाली तरी मी उभा राहायचो.

त्याच आठवड्यात मुलीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी एका जुन्या आरमारी आगबोटीची माहिती हवी होती. एकोणिसाव्या शतकातली, लाकडी, शिडंही आणि बॉयलरही. काम तिचं, पण नादाला लागलो मी. आधी आफ्रिकेचा किनारा, गुलाम नेणारी जहाजं पकडायला. मग चीन. मग दुरुस्तीला मुंबई, तिथून पुन्हा आफ्रिका. कोळसा वाचवायला भर समुद्रात धुराडं खाली घ्यायचे, पाण्यातला पंखा वर ओढायचे आणि शिडांवर जायचे. बंदर दिसलं की पुन्हा वाफ. इंग्लंडला परतली की खलाशी आपापल्या घरी. बोटीवर मात्र नवे खलाशी, नवा हुकूम. शेवटी इंजिन काढून तिला आयर्लंडच्या एका बंदरात नांगरून ठेवलं.

"काय आयुष्य आहे बघ," मी रंगात येऊन म्हणालो. "एका जागी म्हणून बसली नाही."

मुलीनं पेन्सिल खाली ठेवली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या इंग्रजीत देते. "बट दे ऑर्डर्ड हर, बाबा. नोबडी ऑर्डर्ड यू."

"मोठी शहाणी झालीस," म्हणालो आणि उठून उगाच किटली लावली. पाणी उकळलं, चहा काही केला नाही. कंपनीनं काढलं नव्हतं, व्हिसा संपला नव्हता. पोरगी खरं बोलली होती, त्याचाच राग जास्त.

शुक्रवारी सकाळी टोरांटोला नाही म्हणून कळवलं. वाटलं, आता तरी हलकं वाटेल. कसलं काय, दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. संध्याकाळी प्रेस उघडली, सगळे खोके बाहेर ओढले आणि रिसायकलिंगला टाकायला फाडत बसलो. बायको कात्री घेऊन आली आणि शेजारी बसली.

शेवटी उरला मिक्सरचा. त्यावर मुलीनं मार्करनं लिहिलेलं होतं. 'डंडॉक', खोडलेलं. खाली 'मेनूथ', तेही खोडलेलं. मग 'सँडीफोर्ड'. अक्षर दर वेळी थोडं सुधारलेलं. माझ्याच्यानं तो फाडवेना.

"राहू दे हा एक," मी म्हणालो. "कधी लागला तर."

मुलीनं तो माझ्या हातातून काढून घेतला, जमिनीवर ठेवला आणि दोन्ही पायांनी त्यावर उभी राहिली. पार चपटा होईपर्यंत ती तिथून हलली नाही.