शेळीचा कान आणि माझी सही

आमच्या भागातल्या शेळीचा कान लांब असतो. काळा, मऊ, खाली लोंबता. ती मान घालून चरायला लागली की कान जमिनीला टेकतो. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं या कानामुळं झालं आणि ज्यांनी ठरवलं त्यांनी हा कान पाहिलेला नव्हता.

पूर्वी आम्ही कान कातरायचो. आमच्या घराची खूण डाव्या कानाच्या कडेला दोन कातऱ्या, धाकट्या जावेच्या घरची उजव्याला एक. वेगळ्या निघालो तेव्हा भांडी वाटली, शेरडं वाटली आणि कानही वाटून घेतले. चुकून शेजारच्या वाशी गावच्या बाजारात गेलेली शेळी नुसता कान बघून माघारी आलेली आहे. कुणाला वाचता यावं लागत नव्हतं.

मग बिल्ले आले. पिवळा प्लास्टिकचा बिल्ला, वर नंबर, आत कसलीशी चकती. मशीन जवळ नेलं की नंबर मशीनमध्ये उमटतो. कानात बिल्ला असेल तरच शेळीचा विमा. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, की साऱ्या जगात जनावरांच्या बिल्ल्याला आता एकच नियम होणार आहे. आकार केवढा, वजन किती, कानात कुठं मारायचा, सगळं त्यात. एकदा नियम झाला की कंपन्या तसेच बिल्ले बनवणार, दुसरे मिळणार नाहीत. त्याआधी चाचणी, आणि ती आमच्या गावातल्या शेळ्यांवर.

चूक आमचीही झाली. बिल्ला मारायला आलेला माणूस म्हणत होता, कानाच्या मधोमध मारू. आम्ही बायकांनी ऐकलं नाही. घराची खूण कडेला, तर बिल्लाही कडेलाच मार, असा हट्ट धरला. निम्म्या शेळ्यांना त्यानं कडेला मारला. ते बिल्ले पावसाळा सरायच्या आत कान फाडून पडले. पण मधोमध मारलेलेही पडले, जरा उशिरानं. शेळी बाभळीत तोंड घालते, बिल्ला काट्यात अडकतो, ती झटका देते. माझ्या सात शेळ्यांपैकी दोघींच्याच कानात तो राहिला.

चाचणी संपल्यावर कळंबला सभा झाली. आम्हाला जीपनं नेलं. चाचणी घेणाऱ्यांच्या एक मॅडम तासभर बोलल्या. पडद्यावर मेंढी दाखवली, गुबगुबीत, कान आखूड आणि बाजूला ताठ. मी उभी राहिले.

"हा कान आमचा न्हाय."

हॉलमध्ये हशा झाला. मॅडमही हसल्या. "आजी, छान मुद्दा. याची नोंद घेऊ."

नंतर केळी आणि बिस्किटं वाटली आणि रजिस्टर फिरलं. गावातल्या माझ्या वयाच्या बायकांत चौथी पास मीच. बाकीच्यांनी अंगठे दिले, मी सही केली. पहिल्या नंबरावर, ठळक. खरं सांगते, मला मिरवायचं होतं. पानाच्या डोक्यावर काय लिहिलं आहे ते मी पाहिलं नाही. काही लिहिलेलंच नव्हतं, असं आता आठवतं.

त्यानंतर जावेची गाभण शेळी पोट फुगून मेली. विम्याचा माणूस आला, मेलेल्या शेळीचे दोन्ही कान उलटेपालटे करून बघितले. "बिल्ला कुठाय? इमा उतरवलेली शेळी हीच कशावरून?" जावेनं फाटका कान दाखवला, उजवीकडची कातर दाखवली. तो म्हणाला, कातरीवर विमा मिळत नाही.

जाऊ भांडायला दवाखान्यात गेली, सोबत मी. डॉक्टरनं मोबाईलवर एक कागद उघडला. चाचणीचा अहवाल. त्यानं मराठी करून सांगितलं: शेळीपालक महिलांना बिल्ला सोयीचा वाटला, कोणाचीही हरकत नाही, सर्वांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत. मग बोटानं पान वर सरकवलं. माझी सही. ठळक.

जाऊ माझ्याकडं वळली. "तुमचीच हाय की, अक्का. पैल्या नंबरावर. लई वळणदार!"

"ती हजेरीची हाय."

"माझी शेळी तर गेली न्हवं त्या हजेरीत."

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. ज्वारी निवडायला घेतली तर खडे टाकायच्या हातानं ज्वारीच टाकली. चुलीपुढून उठायचं, अंगणात जायचं, शेळ्यांचे कान बघायचे, परत यायचं. सून म्हणाली, बीपीची गोळी चुकली का. गोळी चुकली नव्हती. जगात कुठंतरी एका टेबलावर माझी सही पडली होती आणि मी न बोललेलं बोलत होती.

दुसऱ्याच आठवड्यात परत डॉक्टरकडं गेले. "माझी सही तिथनं काढा."

"आजी, सही काढता येत नाही. हरकत देता येते. अजून मुदत आहे."

"हे ठरवतंय कोण?"

"वर ठरतं."

"वर म्हंजी जिल्ह्याला?"

"जिल्ह्याच्या वर. दिल्लीत समिती असते, ती आपल्या देशाचं मत ठरवते. मग परदेशात सगळ्या देशांची बैठक."

"समितीत कोण बसतं?"

"कंपन्यांची माणसं, थोडे शास्त्रज्ञ, एकदोन अधिकारी. ज्याला जायला-यायला जमतं, तो बोलतो."

"शेळी कुणाकडं हाय त्यांच्यात?"

तो हसला. त्याला हसण्याशिवाय काही करता येत नव्हतं, हे मला दिसत होतं.

मतं मागायला येणाऱ्या पुढाऱ्यालाही मी हे विचारलं. तो म्हणाला, आजी, ते तांत्रिक आहे, त्यात आम्ही पडत नाही. मास्तरच्या बदलीत पडतो, सिमेंटच्या रस्त्यात पडतो, यातच तेवढा पडत नाही. अर्थात बिल्ल्याचा आकार पुढाऱ्यानं ठरवावा असं माझं म्हणणं नाही. गावात नळ आला तेव्हा तोटी कुठं बसवायची ते पुढाऱ्यानं ठरवलं, आणि ती त्याच्या दारात बसली. आकार जाणकारानंच ठरवावा. पण जाणकाराला "हा कान तू पाहिलास का?" एवढं विचारायची सत्ता आम्ही निवडून दिलेल्या कुणाकडं तरी हवी. तेवढंही कुणी अंगावर घेत नाही.

हरकतीचा एक छापील फॉर्म होता. पहिल्याच रकान्यात नियमाचं कलम लिहायचं. कलम बघायला नियमाचा मसुदा लागतो, तो विकत मिळतो, आणि डॉक्टर म्हणाला की त्या पैशात एक चांगली पाट, म्हणजे तरणी शेळी, येईल. आमच्या कानाचा नियम, आणि वाचायचा तर आम्हीच विकत घ्यायचा. मी तो रकाना मोकळा सोडला.

घरी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं. जावेनं शेळी धरली, मी कान पानावर पसरून पेन्सिलीनं कड गिरवली. बिल्ला कुठं मारला होता आणि कुठून फाटला, तिथं फुल्या केल्या. फॉर्मला जोडला तेव्हा कान फॉर्मच्या बाहेर लोंबत होता. खाली लिहिलं, कळंबची माझी सही हजेरीची होती, संमतीची नव्हती. आणि लिहिलं, की निम्मे बिल्ले आम्हीच हट्टानं कडेला मारून घेतले.

"हे कशाला लिवता?" जाऊ म्हणाली. "त्येनला तेवढंच पायजे. म्हणतील, तुमचीच चूक. माझा इमा तर गेलाच मग."

"खरं हाय का न्हाय?"

"खरं हाय म्हणून लिवायचं व्हय?"

"त्यांनी खोटं लिवलं म्हणून मी भांडाय निघालेय. मीच खोटं लिवलं तर कुठल्या तोंडानं भांडू?"

"तुमचं तोंड ऱ्हाऊ द्या. शेळी माझी मेलीय, तुमची न्हाय."

ते तिचं खरंच होतं. दोन दिवस ती माझ्या दारात आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, सगळं वाचून दाखवा. दोनदा वाचून घेतलं. कडेच्या बिल्ल्यांचं वाक्य आलं की तिनं तोंड फिरवलं. मग "मधोमध मारलेलेही पडले" हे त्या वाक्याच्या आधी घ्यायला लावलं आणि अंगठा दिला.

डॉक्टरनं कागद पाठवले. महिन्यानं त्याच्या मोबाईलवर उत्तर आलं. एकच ओळ. नोंद घेण्यात आली आहे. जावेला विमा मिळालेला नाही.

यंदा परत जीप आली. तोच हॉल, त्याच मॅडम, बिल्ला किंचित लहान केलेला. माझ्या कानाच्या चित्रामुळं की आणखी कशामुळं, कुणी सांगितलं नाही. रजिस्टर आलं. पानाचं डोकं मोकळं होतं. मी पेन घेतलं, डोक्यावर "फक्त हजर, मत दिलेलं नाही" असं लिहिलं आणि खाली सही केली.

मॅडमनी पान पाहिलं. "आजी, हे काय? पान खराब केलंत."

त्यांनी दुसरं कोरं पान काढलं. केळ्यांची पाटी फिरायला लागली होती. बायकांनी त्या पानावर भराभर अंगठे उमटवले. मी एकेकीला म्हणत होते, थांबा, डोक्यावर काय लिहिणार ते विचारा. कुणी थांबलं नाही.

जावेची पाळी आली. तिनं अंगठा शाईत बुडवला आणि तसाच धरून माझ्याकडं बघितलं. "वर काय लिवलंय, अक्का?"

"काय बी न्हाय."

"मग मागनं कोण लिवणार?"

मॅडम म्हणाल्या, लवकर करा, जीप थांबली आहे. जावेनं अंगठा लुगड्याला पुसला, माझं खराब झालेलं पान मागून घेतलं आणि परत शाई लावून माझ्या सहीखाली दाबला.

जीपमध्ये ती पुटपुटत होती, लुगडं गेलं, नवं होतं. ते खराब पान मॅडमनी फाइलीत घातलं की टाकून दिलं, ते आम्हाला दिसलं नाही. उद्या दवाखाना उघडला की डॉक्टरला सांगून ठेवणार आहे, यंदाचा अहवाल आला की उघडून दाखवा, आमचं पान त्यात आहे का बघू.