कुसुमजवळचा निरोप

मनकर्णा सापाला भीत नव्हती. कापूस वेचताना पायाखालून धामण गेली, तरी ओटी सावरून पुढच्या झाडाला हात घालणारी ही बाई. तिला भीती एकाच गोष्टीची होती, बेल्लमपल्लीहून येणाऱ्या बसची.

तिचा नवरा, खुशाल, बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीत कामाला. दोघांचं का पटलं नाही, हे त्यांच्यापेक्षा गुडीहत्नूरच्या लोकांनाच जास्त ठाऊक होतं. पंचांसमोर काडी मोडली. डोमाजी पंचाने निवाडा दिला: चार वर्षांची कुसुम आईजवळ राहील, दिवाळी आणि उन्हाळ्याची सुटी बापाजवळ. आणि काडी मोडल्यावर दोघांनी एकमेकांशी तोंडाने बोलायचं नाही, ही जुनी रीत. ती रीत पाडणाऱ्यांना लेकरं नसावीत बहुतेक. मग निरोप कोणी न्यायचे? कुसुमनेच. "बाबाले सांग, खोकल्याचं औषध पाजा." "मायले सांग, केसाईत उवा हायेत." निरोप पोचला की बोलणी बसायची ती पोचवणारीला.

पंचांपुढून उठताना खुशाल एक वाक्य बोलून गेला होता, "आठ वर्साची झाली का पोरगी माही." पंच त्यावर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मनकर्णाच्या मनात मात्र ते वाक्य घर करून बसलं: एक दिवस हा पोरीला ठेवून घेईल. १९८८च्या उन्हाळ्यात कुसुमला आठ वर्षं पुरी झाली.

पोरीची देवघेव व्हायची मधल्या इंद्रवेल्लीत, जयवंताबाईच्या घरी. खुशालने पोरीला बसमध्ये बसवून कंडक्टरला सांगायचं, जयवंताबाईने उतरवून घ्यायचं आणि मनकर्णाने जाऊन आणायचं. जयवंताबाई दोघांचीही लांबची मावशी. तिच्या ओट्यावर भांडायची कोणाची छाती नव्हती. पण त्या वर्षी ती लेकीकडे किनवटला जाणार होती. म्हणून पोरीला धाडताना मनकर्णाने दोनदा बजावलं, "बाबाले सांग, येतानी गुडीहत्नूरलेच उतरवा. मावशीच्या घराले कुलूप राहीन."

जून लागला. ठरल्या दिवशी मनकर्णा सकाळपासून फाट्यावर उभी राहिली. एक बस आली, दुसरी आली, तिसरीतून शेळी घेतलेला म्हातारा उतरला. कुसुम कशातच नव्हती. "ठेवून घेतली त्यानं," ती पुटपुटली. दुसऱ्या दिवशी पहिली बस धरून ती बेल्लमपल्लीला निघाली.

क्वार्टरचं दार उघडंच होतं. खुशाल नुकताच पाळी संपवून आला होता, भुवयांत अजून कोळसा. मनकर्णाने त्याला बाजूला सारून खाटेखाली पाहिलं, दारामागे पाहिलं. चार वर्षांत ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली.

"कुठी लपवली?"

"लपवाले काऊन? काल दहाच्या गाडीत बसवून देली न. इंद्रवेल्लीचं तिकीट काढून."

"मावशीच्या घराले कुलूप हाय. मी निरोप धाडला होता."

"कोनता निरोप?"

मनकर्णाला सगळं दिसलं. आठ वर्षांची पोर, कुलूप लावलेलं घर आणि मध्ये एक अख्खी रात्र. खुशाल चपला पायात घालत होता, पण अंगठा पट्ट्यात जाईना. ते पाहून तिची उरलीसुरली आशाच गेली. हा माणूस खोटं बोलत नव्हता.

तरी तिने हात जोडले. "लपवली असन त सांगा. ठेवा तुमच्याजोळच. मी पंचाईकडे जात नाही. फक्त हाय म्हना."

"नाही वं," खुशाल म्हणाला. "मलेच वाटे, पोरगी तुह्याजोळच हाय अन् तू खोटं बोलून राह्यली. तसंच निघो, म्हनलं."

चार वर्षं जी भीती उशाशी घेऊन ती झोपली, तीच आता खरी निघावी म्हणून ती देवाला विनवत होती.

परतीच्या बसमध्ये दोघं एकाच बाकावर बसले. आसिफाबाद गेलं, उटनूर गेलं. जिथे बस थांबे तिथे खुशाल उतरून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी आणि मान खाली घालून परत येई. मनकर्णाने पदराचं टोक चावून चावून ओलं केलं.

जयवंताबाईच्या बंद दाराला पाठ लावून कुसुम बसली होती. मांडीवर पिशवी. शेजारच्या गोंड बाईने रात्री तिला घरात निजवलं होतं, पण उजाडताच पोर पुन्हा ओट्यावर. इथून हलले तर मायला सापडणार नाही, एवढंच म्हणे.

माय आणि बाप एकत्र येताना पाहून तिचा चेहरा फुलला नाही, उतरला. ती उठून उभी राहिली, शाळेत मार खायला राहतात तशी.

"नाही सांगतलं मी बाबाले," ती म्हणाली. "सांगतलं असतं त बाबा तुले बोलले असते. मंग तू बाबाले बोलली असती. मले वाटलं, मावशी असनच."

मनकर्णाने तिला पोटाशी धरलं. रडू आवरेना. दोघांनी मिळून या पोरीला काय करून ठेवलं, हे तिला त्या ओट्यावर कळलं. खुशाल तोंड फिरवून उभा होता. बऱ्याच वेळाने तिने पोरीच्या डोक्यावरून त्याला सरळ विचारलं, "दिवाळीले कोनत्या गाडीनं धाडू?"

कुसुम सवयीने बापाकडे वळली. "बाबा, माय इचारते, दिवाळीले..."

"ऐकलं मी," खुशाल म्हणाला. "दहाच्या गाडीनं धाडजो. मी सोता उभा राहीन."

कुसुमने पिशवी उचलली. मग आईकडे वळून हळूच म्हणाली, "बाबा म्हनते, दहाच्या गाडीनं."