अक्काची लाइन

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) अक्काला माहेरी आणायला मी मुऱ्हाळी म्हणून शिरूडहून निघालो, तेव्हा मायने अंगणातल्या निंबाला झोका बांधूनही टाकला होता. लग्नानंतर अक्का एकाही आखाजीला आली नव्हती. औंदा तिला आणायचीच, असा मायने धोशा लावला होता.

गाडीत समोरच्या म्हातारीने विचारले, "कोठे चालना भाऊ?"

"भुसावळले, बहीणले लेवाले (आणायला)."

"मंग रिकामा हाते नको येजो!"

"छ्या! झोका बांधेल शे," मी ऐटीत म्हटले.

चाळीसगावला गाडी बदलताना हातातला डबा आपटला आणि मायने अक्कासाठी दिलेल्या सांजोऱ्यांचा पार चुरा झाला. माझा नुसता जळफळाट!

लग्न जुळवताना मध्यस्थ म्हणाला होता, "पोरगा चांगल्या लाइनीत आहे." आम्हाला लाइन ठाऊक होती ती शाळेतली, मुलांच्या रांगेची. धुळ्यात लाइन म्हणजे पोलिसांची वस्ती. भुसावळला उतरलो तर सारे गावच लाइन! दाजी इंजिनावर कोळसा टाकतात म्हटल्यावर रेल्वेच्या एका खलाशाने बोट दाखवले, "तिसरी लाइन." रेल्वेची घरे, ओळीने उभी, सगळी एका छापाची. मी आधी भलत्याच दारात शिरलो आणि कुणा बाईची बोलणी खाल्ली.

अक्काने सांजोऱ्यांचा चुरा मुठीने खाल्ला. हसली, मग रडू लागली.

"दाजी कुठं?"

"लाइनीवर. लढाईच्या गाड्या चालल्यात, रजा बंद. हात भाजलाय, तरी गेलेत. केव्हा येतील नेम नाही. आल्यावर घास कोण भरवील रे?"

"आग लागो त्या लाइनीला!" मी भडकलो.

"असं बोलू नको. जीव तिकडंच आहे रे माझा. मायला म्हणावं, झोका सोडू नको."

शिरूडला माय स्टेशनावर उभी होती. गाडी हलेपर्यंत ती माझ्यामागे डब्याच्या दाराकडेच बघत राहिली. मी सगळे सांगितले. ती रागावली नाही. गाडी गेल्यावर रुळांकडे बघत म्हणाली, "हाई लाइन तिना दारलगुन (दारापर्यंत) जास का रे?"

"जाते, माय."

ती वाकली आणि तिने रुळावर हात ठेवला. वैशाखातले लोखंड ते, तव्यासारखे तापलेले. "हात भाजेल," मी ओरडलो.

तिने हात काढला नाही.